माळाची साक्ष

संक्रांतीनंतरच्या रविवारी मामांच्या रानात हुरड्याला गेले होते. नान्नजच्या पुढं, रस्ता सोडून आत गेलं की त्यांची वस्ती. एका अंगाला सोनाकाची द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला मालदांडी ज्वारी, आणि विहिरीच्या पलीकडं दोन एकर मुरमाड माळाचा तुकडा, ज्यात आजवर नांगर शिरलेला नाही. मामा माध्यमिक शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले. मला या विषयाची गोडी त्यांनीच लावली. आता मी ‘प्राण्यांचा भूगोल’ घेऊन संशोधन करते, आणि तो विषय मात्र त्यांना अजिबात पटलेला नाही. आगटीजवळ बसून आमचं जे बोलणं झालं ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. ते तिखट झालं होतं. इथंही मी ते सौम्य केलेलं नाही.

मामा : प्राणी अभ्यासायला प्राणिशास्त्र आहे, राखायला वनखातं आहे. भूगोलवाल्यांचं त्यात काय काम?

मी : कामाला तुम्हीच लावलंत मामा. ‘नैसर्गिक वनस्पती आणि प्राणिजीवन’ हा धडा तुम्ही मेणकापडी नकाशा टांगून शिकवायचात. पश्चिम घाटावर गर्द हिरवा रंग, त्यावर हत्ती. मध्य भारतावर फिका हिरवा, त्यावर वाघ. गीरवर सिंह, काझीरंग्यावर गेंडा. आणि आपल्या सोलापूरवर पिवळट पट्टा, नाव ‘काटेरी वने’. त्यावर चित्रच नव्हतं. मी विचारलं होतं, सर, आपला प्राणी कुठला? तुम्ही म्हणालात, शेळी.

मामा : मग चूक काय बोललो? शेळ्याच होत्या.

मी : शाळेच्या मागच्याच माळावर माळढोक होता. उभा राहिला तर एक मीटर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात इतके जड फार थोडे. काळवीट होते, लांडगा होता, खोकड होतं. पण नकाशावर चित्र नाही म्हणून आमच्या डोक्यात पक्कं बसलं, की निसर्ग असतो तो तिकडं, जिथं झाडं दाट आहेत आणि माणसं नाहीत. आपल्याकडं आहे तो नुसता दुष्काळ. त्या रिकाम्या पिवळ्या पट्ट्यानं मला जे शिकवलं तेच मी आता तपासते आहे.

मामा : पुस्तकात जे होतं ते शिकवलं. आणि पुस्तक खोटं नव्हतं. हा माळ म्हणजे काय? जंगल तोडून, गुरं चारून, माती वाहून गेल्यावर उरलेला सांगाडा. त्याला तू निसर्ग म्हण, मी उजाड म्हणतो.

हे वाक्य मामांचं एकट्याचं नाही. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथून जवळच्या इंदापूर तालुक्यातून जमिनीची मोजणी आणि सारा बसवण्याची जी पद्धत सुरू केली, तिला जमीन दिसायची ती सरकारला किती देते यावरून. जी देत नाही ती ‘पड’. पुढं १९३६ मध्ये चॅम्पियन या वन अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या वनांचे प्रकार लावले, त्यांत गवताळ प्रदेश बहुतेक ठिकाणी बिघडलेलं जंगल म्हणून आला. आणि २००० साली हैदराबादच्या दूरसंवेदन संस्थेच्या उपग्रहचित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, तेव्हा झुडपी माळ पुन्हा पडीकच ठरला. मोजणीची साखळी जाऊन उपग्रह आला, पण शब्द तोच राहिला. मामांनी तो शब्द हजारो मुलांना दिला, त्यांच्यात मी एक.

मी : उजाड की मूळचाच असा, हे कुणाला विचारायचं? माझं म्हणणं, प्राण्याला विचारा. आल्फ्रेड रसेल वॉलेसनं तेच केलं होतं.

मामा : वॉलेस मला शिकवू नकोस. वॉलेस रेषा मी फळ्यावर शंभर वेळा काढली आहे.

मी : रेषा काढलीत, पण ती कशी सापडली ते धड्यात नव्हतं. १८५६ मध्ये तो बालीहून लोंबोकला गेला. मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी. अलीकडं तांबट, सुतार, म्हणजे आपल्या ओळखीचे पक्षी. पलीकडं काकाकुवा. हवा तीच, पाऊस जवळपास तोच, झाडीही फार वेगळी नाही. मग पक्षी का बदलले? त्यानं ताडलं, की या दोन भूमी पूर्वी एकमेकींना जोडलेल्या नसणार. म्हणजे जमिनीला जे सांगता येत नाही ते पक्ष्यानं सांगितलं. १८७६ मध्ये त्यानं ‘प्राण्यांचे भौगोलिक वितरण’ दोन खंडांत लिहिलं. त्यात प्राणी पुराव्यासारखा उभा आहे. पुढं पाठ्यपुस्तकात येता येता त्याचं शिक्क्याचं चित्र झालं, रंगीत पट्ट्यावर मारायचं.

मामा : बरं, मग तुझा पुरावा काढ. माळढोक काय सांगतो?

मी : त्याचा पाय बघा. मागचं बोटच नाही. फांदी धरून बसताच येत नाही त्याला, जन्मभर जमिनीवर. अंडं घालतो एकच, तेही उघड्या भुईवर, काडीचं घरटं न करता. संकट दिसलं तर आधी चालतो, पळतो, मग उडतो, म्हणजे लांबवर दिसणं हाच त्याचा बचाव. त्याचे डोळे बाजूंना बघतात, थेट पुढचं त्याला कमी दिसतं, म्हणून आता विजेच्या तारांवर आदळून मरतो. असं शरीर शे-दोनशे वर्षांत जंगल तुटलं म्हणून घडत नाही मामा. असा देह घडायला लाखो वर्षं मोकळं आकाश आणि गवत लागतं. गवत आधी होतं म्हणूनच हा पक्षी आहे.

मामा : पक्षी राजस्थानातही आहे. वाळवंटाकडून इकडं सरकला असेल, जंगल तुटत गेलं तसा. पाहुणा म्हणून आलेला तुझा साक्षीदार.

मी : मग इनामगाव घ्या. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती. त्यांच्या उकिरड्यात काळविटाची हाडं आहेत. काळवीट दाट जंगलात राहत नाही.

मामा : शेतकरी होते म्हणतेस ना? मग त्यांनीच तोडलं असेल जंगल.

इथं मी क्षणभर अडले. शंका रास्त होती. वर्गात विद्यार्थ्यानं अशी शंका काढली असती तर मामांनी त्याची पाठ थोपटली असती. एका हाडावरून अख्खा प्रदेश उभा करता येत नाही. अनेक साक्षी जुळाव्या लागतात.

मी : एकट्या हाडावर मी थांबत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांचं काम २०२५ मध्ये आलं. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रं, आख्यायिका वाचून त्यांतली रानातली झाडं वेचली. निम्म्याहून जास्त झाडं निघाली ती उघड्या माळावरची. बाभळीसारखी, तरटीसारखी.

मामी इतका वेळ गप्प होती. तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं.

मामी : तरटी? पंढरपुरात कान्होपात्रेची हाय ती?

मी : तीच मामी.

मामी : देवळातच हाय की. कान्होपात्रा गेली तिथं उगवली म्हणत्यात. आषाढीला गेलं की हात लावून येतो आम्ही.

मी : संत कान्होपात्रा गेली तिथं उगवलेलं झाड म्हणून लोकांना वड आठवला नाही, चंदन आठवलं नाही. काटेरी, खडकात येणारी तरटी आठवली. कारण आजूबाजूला तीच होती. भीमेच्या काठचा मुलूख पाचशे वर्षांपूर्वीही असाच होता, हे सांगायला माझ्याकडं पक्षी आहे, हाड आहे आणि मामीचं झाड आहे.

मामा बराच वेळ निखारे हलवत राहिले. मला वाटलं, मुद्दा पोचला. पण पुढं ते जे बोलले त्याची मला कल्पना नव्हती.

मामा : ब्याऐंशी-त्र्याऐंशीला आम्ही शाळेतून झाडं लावायला जायचो. माळावर. खड्डे पोरांनी खणायचे, मुरूम इतका कडक की पहारीला ठिणगी पडायची. मी दरवर्षी चारशे रोपं लावली. गिरिपुष्प, कडुनिंब. उन्हाळ्यात पोरं डोक्यावर घागरी घेऊन पाणी घालायची. जगलेली झाडं आजही उभी आहेत. तू आत्ता म्हणालीस, त्या पक्ष्याला लांबवर दिसावं लागतं.

मी : हो.

मामा : म्हणजे मी त्याच्या डोळ्यापुढं कुंपण लावलं.

मी : तुम्ही एकट्यानं नाही. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात सरकारनंही लावली. आणि एक सांगू, त्याच कार्यक्रमात तुकडे राखले, चराई थांबली, गवत वाढलं, म्हणून नान्नजला माळढोक टिकला असंही जुने अभ्यासक सांगतात. झाडांनी नडलं, राखणीनं तारलं.

मामा : माझी समजूत काढू नकोस. मला शिकवलं होतं की माळाला झाड नाही ही त्याची उणीव. मी ती उणीव भरून काढत होतो. मनापासून.

मनापासून, यात शंका नाही. त्या झाडांच्या रांगा मी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांच्या सावलीत डबा खाल्ला आहे. धड्यातला एक रंग चुकला तर मुलाचा एक गुण जातो असं आपण समजतो. इथं त्या रंगानं एका भल्या शिक्षकाच्या हातात पहार दिली होती.

चहा झाला. मामांनी टोपी नीट केली, आणि आता त्यांची पाळी होती.

मामा : तुझं सगळं मान्य. माळ जुना, पक्षी जुना, मी चुकलो. आता तुझ्या नकाशाचं बोलू. १९७९ साली सरकारला माळढोक दिसला. काय केलं? अभयारण्य. किती मोठं?

मी : ८,४९६ चौरस किलोमीटर.

मामा : गोव्याच्या दुपटीहून मोठं! कर्जत, श्रीगोंदा, करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर. गावंच्या गावं, बाजारपेठा, एसटी स्टँड, सगळं अभयारण्यात. तिथं कुठला पक्षी होता? माझ्या थोरल्या भावाला मुलीच्या लग्नासाठी एक एकर विकायचं होतं. खरेदीखत होईना. कचेरीत म्हणाले, तुमचा गट अभयारण्यात आहे. दोन वर्षं हेलपाटे. शेवटी सावकाराकडून काढले. पक्षी त्यानं आयुष्यात दोनदा पाहिला असेल, आणि मरेपर्यंत त्याच्या नावानं शिव्या दिल्या. हा भूगोलच होता ना? कुणीतरी नकाशावर रेघ ओढली होती.

मी : होता. पण रेघ ओढणाऱ्यांनी निदान एक गोष्ट ओळखली होती, की हा पक्षी एका जागी राहत नाही. पावसाळ्यात गवतात पिल्लं काढतो, मग हरभऱ्यात, भुईमुगात, ज्वारीत टोळ नि किडे टिपत फिरतो. त्याला मोठा मुलूख लागतो हे खरं. चूक झाली ती पुढं. मुलूख मोठा घेतला आणि कायदा जंगलाचा लावला. जो कायदा माणसं नसलेल्या जागेसाठी बेतलेला, तो लाखो माणसांवर पांघरला. शेवटी २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र सुमारे १,२२० चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर तेहतीस वर्षं गेली, आणि पक्षीही मोजकेच उरले.

मामा : म्हणून मी सरळ सांगतो. जंगली जनावराची जागा वेगळी, माणसाची वेगळी. तुमच्याकडं शंभर एकर सरकारी माळ असेल तर त्याला भिंत घाला, आत एक माणूस जाऊ देऊ नका. पण बाहेर आलात तर माझा उतारा माझा. मधलं काही नको. मध्येच माणूस मरतो.

मी : भिंतीचं काय होतं ते करेऱ्यात दिसलं. मध्य प्रदेशात, शिवपुरी जिल्हा. १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. राखण झाली तसे काळवीट बेसुमार वाढले, रात्री शेतं खाऊ लागले. काळविटाला हात लावता येईना. शेतकऱ्यांचा राग काळविटावर, काळविटाचा राग अभयारण्यावर, आणि अभयारण्याला नाव माळढोकाचं. काही वर्षांत तिथून माळढोक संपला. आंध्रात रोल्लापाडूची गोष्ट फार वेगळी नाही. एकाच प्राण्याचं चित्र काढून त्याभोवती रेघ ओढली की असं होतं. शेजारी कोण, ते कुणी पाहतच नाही.

मामा : मग तुझ्या नव्या भूगोलाकडं तिसरा उपाय आहे?

मी : उपाय आहे असं म्हणत नाही. प्रश्न बदलला आहे. आधी विचारायचे, प्राणी कुठं राहतो? आता विचारतात, कुणाबरोबर राहतो? शहरातून गुरं कशी बाहेर गेली यावर ख्रिस फिलो या भूगोलज्ञानं १९९५ मध्ये लिहिलं. लंडनच्या मध्यात स्मिथफील्डला जिवंत जनावरांचा बाजार भरायचा. १८५५ मध्ये तो हलवला. घाण, गोंगाट, असभ्यपणा, ही कारणं. जनावर नजरेआड झालं. मला वाटतं, रोजच्या जगण्यातून जनावर असं गेलं तसतसा निसर्ग दूरचा झाला, सुट्टीत बघायला जायचा. आणि मग तीच नजर आपल्या माळावर आली. इथं मेंढ्या दिसल्या, माणसं दिसली, म्हणून हा निसर्ग नव्हे.

मामा : आणि मेंढ्यांना बाहेर काढलं.

मी : काढलं.

मामा : थांब, आता मला बोलू दे. तू पक्ष्याची साक्ष काढलीस, मी धनगराची काढतो. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप यायचे. आमच्या रानात चार रात्री बसवायचे. लेंड्या, मूत, फुकटचं खत. बदल्यात ज्वारी द्यायची. मेंढ्या माळावरून पुढं सरकायच्या, मागं गवत पुन्हा यायचं. पवना, मारवेल, कुसळी. कुणी अख्खा माळ ओरबाडून थांबत नव्हतं, कारण थांबणं त्यांच्या जगण्यातच नव्हतं. लांडगा एखादी मेंढी न्यायचा. धनगर त्याला शिव्या द्यायचा आणि पुढं जायचा. पावसाळ्याच्या तोंडी माळावर माळढोक घुमायचा. आम्ही त्याला हूम म्हणायचो. तुझे तीन हजार वर्षांचे साक्षीदार, हाड काय नि पक्षी काय, हे सगळे माणसाबरोबर होते. तुझाच पुरावा सांगतो की हा माळ मेंढीसकट जंगली होता. मग तुमचा नवा भूगोल इथं येऊन मेंढीला बाहेर का काढतो?

मी : नवा काढत नाही मामा. तोही तुमचंच म्हणतो.

मामा : म्हणत असेल. कागदावर. अभयारण्याच्या सीमेवर पाटी कोणती आहे ते जाऊन बघ.

मी काही बोलले नाही. पाटी मी पाहिली होती.

भिंत हवी म्हणणारा माणूसच मेंढीसकट जंगली असलेल्या माळाची गोष्ट मला सांगत होता, आणि मेंढी-माणूस एकत्र म्हणणारी मी आकडे नि कायदे पुढं करत होते. आपली बाजू आपल्या हातातून कधी निसटली ते दोघांनाही कळलं नव्हतं. पण खरी अडचण अजून पुढं होती, आणि ती मीच काढली.

मी : पण ते शेजारी आता राहिले कुठं? मेंढीबरोबर माळढोक राहिला. मालदांडीबरोबर राहिला. उजनी धरणाचं पाणी आल्यावर ऊस आला, त्यात तो शिरू शकत नाही. द्राक्षबागेच्या तारांत, फवाऱ्यात राहू शकत नाही. आज देशात जेमतेम दीडशे उरलेत, बहुतेक जैसलमेरकडं. तिथंही सौरऊर्जेच्या नि पवनचक्क्यांच्या तारा. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. २०१९ पासून पिंजऱ्यात पैदास चालू आहे, पिल्लं होताहेत. पण सोडायची कुठं? ज्या माळावर ती सोडावीत तो माळ कुणाचा आहे? तुमच्यासारख्यांचा.

मामा : म्हणजे फिरून माझ्याच उताऱ्यावर आलीस.

मी : विहिरीपलीकडचे दोन एकर. तुम्ही जेसीबीवाल्याला सांगितलं आहे म्हणे.

मामांनी मामीकडं पाहिलं. मामीनं पदराला हात पुसले आणि मान दुसरीकडं वळवली. मला कुणी सांगितलं ते त्यांना कळलं.

मामा : सांगितलं आहे. फेब्रुवारीत सपाट करायचं, गाळाची माती टाकायची, पुढच्या साली बाग वाढवायची. सोनाका याच गावात निघाली हे विसरू नकोस. आमच्याच गावच्या नानासाहेब काळ्यांनी काढलेला वाण, आज कुठं कुठं लावतात! या मुरमात लोकांनी नाव काढलं. तुझ्या लेखी ते कमी आणि पक्षी जास्त?

मी : कमी नाही. पण मामा, सोनाका नाशकातही येते, सांगलीतही येते. धाविक, माळटिटवी, खोकड यांना दुसरीकडं जागा नाही.

मामा : मग मला भाडं दे. दोन एकर मोकळं ठेवायचं, गवत राखायचं, शेजारी बाग लावून लाखानं कमावतोय ते बघत बसायचं. सरकार देईल? तुझं विद्यापीठ देईल? तू म्हणतेस माळ मोलाचा आहे. किती मोलाचा? आकडा सांग.

माझ्याजवळ आकडा नव्हता. वाघाच्या जंगलाभोवती पर्यटन आहे, जिप्सी आहेत, रिसॉर्ट आहेत. काटेरी वनाच्या पिवळ्या पट्ट्याला यातलं काहीच नाही, कारण तो बघायला जायची जागा आहे असं कुणाला शिकवलंच नाही. त्या रिकाम्या पट्ट्याची किंमत अशी वसूल होते, आणि ती नेहमी माळाच्या मालकाकडूनच.

मामी : आकडा मी सांगते की. त्या तुकड्यातलं गवत मी दरवर्साला कापते. म्हशीला चार महिनं पुरतं. कडब्याची पेंढी आता केवढ्याला झालीय, ठावं हाय का तुम्हाला? बाग वाढवली तर म्हस इकावी लागंल. म्हस इकली तर खत इकत आणाय लागंल. ह्यो हिशेब कुणी इचारलाच न्हाई मला.

मामा : तू कधी बोललीस?

मामी : आत्ता बोलले की.

ऊन उतरलं होतं. मामा उठले आणि विहिरीच्या पलीकडं चालू लागले, मी मागून. गवत वाळून सोन्यासारखं पिवळं झालं होतं, पायजम्याला कुसळं टोचत होती. मध्येच एक चंडोल उठला, सरळ वर गेला आणि तिथूनच गात राहिला. बांधावर खोकडाची विष्ठा होती, तिच्यात बोराच्या बिया. मामांनी ती काडीनं उकलून दाखवली. खोकडाला मुरूम लागतो म्हणाले, भारी काळ्या रानात पावसाळ्यात त्याचं बीळ ढासळतं. हे माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

मामा : हूम शेवटचा ऐकला तो मी तिसरीत-चौथीत असताना, याच तुकड्यात. सकाळी धुक्यात. बैल कुठंतरी लांब हंबरावा तसा आवाज. वडील म्हणाले, पाऊस जवळ आला. मी नंतर शेकडो मुलांना प्राणिजीवन शिकवलं आणि हे एकदाही सांगितलं नाही. ते भूगोलात बसतं असं मला वाटलंच नाही.

मी : आवाज कसा होता?

मामांनी इकडं तिकडं पाहिलं. मग छाती भरून घेतली, ओठ मिटले, आणि घशाच्या तळातून एक खोल, लांबलेला हुंकार काढला. पलीकडच्या बागेतून मजुरांनी माना वर केल्या. मामा पुन्हा एकदा तसेच घुमले. या वेळी जास्त वेळ.

परत येताना त्यांनी खिशातून फोन काढला, जेसीबीवाल्याला लावला. फेब्रुवारीत नको म्हणाले, मृग होऊन जाऊ दे, दिवाळीनंतर बघू. पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. मामा म्हणाले, नाही नाही, पैशाचं काही नाही, घरात म्हशीचा हिशेब निघालाय.